'झाड' आणि 'झार'

गेल्या उन्हाळ्यांत आमची नात बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि पदवीसाठीं आपण भाषाशास्त्र हा मुख्य विषय घेणार असें तिनें एके रात्रीं जेवतांना जाहीर केलें. मुख्य विषयाला हल्लीं 'मेजर' म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर हा शब्द घरोघर पोंचला आहे. चिरंजीवांनीं विचारलें, "म्हणजे एकूण किती भाषा शिकवतात?" सूनबाईंनीं विचारलें, "पुढें नोकरी कसली?" आणि मग दोघांनींहि माझ्याकडे पाहिलें. मीं तीसांहून अधिक वर्षें प्राथमिक शाळेंत मराठी शिकविली. तेव्हां या बाबतींत निकाल देण्याचा अधिकार माझा, असें त्यांना वाटलें. मलाहि तसेंच वाटलें. मी म्हणालों, "व्याकरण तर मीं तिला चौथींतच शिकविलें आहे. त्यांत आणखी तीन-चार वर्षें शिकण्यासारखें काय उरलें?"

तो निकाल चुकला, आणि कसा चुकला तें सांगण्यासाठींच आज मी या ध्वनिक्षेपकापुढें बसलों आहें. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. विद्यापीठाची पायरी कधीं चढलों नाहीं. पुढें सांगतों तें नातीच्या पुस्तकांतून, तिच्याशीं झालेल्या वादांतून आणि उतारवयांतल्या माझ्या वाचनांतून गोळा झालेलें आहे. येत्या जून महिन्यांत असाच प्रश्न ज्या घरांत निघेल, त्या घराच्या कांहीं उपयोगीं तें पडावें.

प्रथम चिरंजीवांचा प्रश्न. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यानें पुष्कळ भाषा बोलल्या पाहिजेत असें मुळींच नाहीं. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्याला, 'तुमच्या परसांत झाडें किती?' असें आपण विचारीत नाहीं. झाड वाढतें कसें, मुळें पाणी वर चढवितात कशीं, हा त्याचा विषय. तशीच भाषा ही वस्तु घडते कशी, ती मुलाच्या तोंडांत येते कशी, शंभर कोसांवर बदलते कशी, हा भाषाशास्त्राचा विषय. त्याला एक मराठी पुरते. मात्र ती मराठी आपण रोज वापरतों त्याहून फार निराळ्या नजरेनें पाहावी लागते.

आरंभ ध्वनींपासून होतो. 'चमचा' हा शब्द सावकाश उच्चारून पाहा आणि मग 'चमचे' म्हणा. पहिल्या शब्दाच्या अखेरीस जिभेचें टोक वरच्या दातांच्या मुळाशीं टेकतें; दुसऱ्यांत तीच जीभ मागें सरून टाळूला लागते. अक्षर एक, ध्वनि दोन. 'माझा' आणि 'माझी' यांतील झ चा प्रकारहि हाच. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार असतात हें व्याकरणाच्या पुस्तकांत मीं वाचलें होतें व मुलांना सांगितलेंहि होतें. पण पुढें इ किंवा ए आली कीं जीभ आपोआप टाळूकडे सरते, हा त्यांतला नियम माझ्या ध्यानांत आला नव्हता. गंमत अशी, कीं उलट बाजूनें हा नियम चालत नाहीं: 'चार' या शब्दांत पुढें आ असूनहि च तालव्यच राहतो. कां राहतो, हें शोधतां शोधतां विद्यार्थी प्राकृत भाषांपर्यंत मागें जातो. पहिल्या वर्षाचे कांहीं महिने असे स्वतःच्या जिभेवर पहारा ठेवण्यांत जातात. आमच्या घरांत तर आरशापुढें उभें राहून 'चमचा, चमचे' म्हणणारी मुलगी पाहून दूधवाल्यानें काळजीनें चौकशी केली.

पुढें शब्दांच्या रूपांचा विचार येतो. मासा, पण माशाला. ससा, पण सशाला. पैसा, पण पैशाला. कोणत्या आईनें आपल्या मुलाला 'बाळ, प्रत्यय लावतांना स चा श कर बरें' असें सांगितलें आहे? तरी तीन-चार वर्षांचें मूल तें बिनचूक करूं लागतें. तें ऐकलेलें पाठ करतें असें म्हणावें, तर अमेरिकेंत जीन बर्को या विदुषीनें १९५८ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग आड येतो. तिनें लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचें चित्र दाखवून त्याचें नांव 'वग' असें सांगितलें. मग तसेच दोन प्राणी दाखविले आणि विचारलें, हे दोन काय? हा शब्द मुलांनीं जन्मांत ऐकला नव्हता, कारण तो अस्तित्वांतच नव्हता. तरी बहुतेकांनीं त्याचें इंग्रजी अनेकवचन बरोबर बनविलें. याचा अर्थ, मुलाच्या मनांत नियम तयार झालेला असतो. नातीनें आमच्या इमारतीच्या अंगणांत हाच खेळ मराठींत मांडला. कागदावर एक विचित्र, शिंगवाला जीव काढला आणि म्हणाली, "हा टोसा. याला भूक लागली आहे. आतां आपण कोणाला खाऊ द्यायचा?" पांच-सहा वर्षांचीं पोरें एका सुरांत ओरडलीं, "टोशाला!" हा कांहीं शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण मी तेथें बांकावर बसलों होतों, आणि तें 'टोशाला' ऐकून माझ्या अंगावर शहारा आला. मीं जें शिकवितों असें मला तीस वर्षें वाटत होतें, तें मुलें घरून घेऊन आलेलीं असत.

यानंतर वाक्यरचना, अर्थविचार, भाषांचा इतिहास, भाषा आणि समाज यांचा संबंध असे विषय येतात. त्यांची यादी मी वाचीत नाहीं. ती कोणत्याहि अभ्यासक्रमांत मिळेल. मला ज्या भागानें धक्का दिला तो बोलींचा भाग, आणि त्यासाठीं मी राहतों त्या गांवाची थोडी माहिती सांगितली पाहिजे.

मी मूळचा सातारा जिल्ह्यांतला. नोकरीनिमित्त पनवेल तालुक्यांत आलों आणि निवृत्त झाल्यावर कळंबोलीला लागून असलेल्या रोडपालींत घर घेतलें. १९७० सालापासून नवी मुंबई वसूं लागली. येथल्या गांवांच्या भातशेतीवर रस्ते व इमारती आल्या. २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली तेव्हां रोडपाली तिच्यांत गेली. आतां तळ्याच्या एका अंगाला उंच इमारती आहेत व त्यांत सर्व देशांतून आलेलीं कुटुंबें. जुन्या गांवांत मात्र अजून आगरी मंडळींची वस्ती आहे. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. भात, मीठ आणि खाडी यांवर जगलेला हा समाज, आणि त्याची बोली ती आगरी. खाजण, उघाडी, निवटी हे शब्द मला येथें आल्यावर कळले. इमारतींतल्या मुलांना ते अद्याप कळलेले नाहींत, आणि खाजणेंच भरून निघालीं तर कळण्याचें कारणहि उरणार नाहीं.

माझ्या नोकरीच्या आरंभींची गोष्ट. वर्गांतल्या एका आगरी मुलानें हात वर करून मोठ्या उत्साहानें सांगितलें, "गुरुजी, झारावरची कैरी परली!" वर्ग हंसला. मींहि हंसलों. मग मीं त्याला उभें करून 'झाड' आणि 'पडली' हे शब्द दहा-दहा वेळां म्हणावयास लावले. त्यानें म्हटले. त्यानंतर वर्षभर त्या मुलानें वर्गांत हात वर केला नाहीं. त्या वेळीं हें माझ्या लक्षांतहि आलें नव्हतें. मूल शांत झालें म्हणून मीं समाधानच मानलें असावें.

ही हकीकत मीं नातीला सांगितली ती भाषा सुधारण्याचें उदाहरण म्हणून. तिनें मला उलट तपासणींत घेतलें.

"आजोबा, तो मुलगा घोड्याला काय म्हणे?"

"घोरा."

"गाडीला?"

"गारी."

"आणि डोळ्याला?"

"डोला."

"'रोला' नाहीं?"

मी थांबलों. "नाहीं. डोलाच."

"हंडा? खड्डा?"

"हंडा. खड्डा."

"मग तो ड चा र सगळीकडे करीत नव्हता. शब्दाच्या आरंभीं ड तसाच. अनुनासिकाला चिकटलेला ड तसाच. जोडाक्षरांतला ड तसाच. स्वरानंतर एकटा ड आला, तरच र. आजोबा, याला ड म्हणतां येत नव्हता असें कसें म्हणतां? तुम्हीं त्याचा नियम मोडायला लावलात."

ड म्हणतां न येणारा मुलगा 'डोला' म्हणूं शकला नसता, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत मला सुचली नव्हती. शिवाय हा नियम कोठून आकाशांतून पडलेला नाहीं. स्वरांच्या मध्यें सांपडलेला ड आपण सर्वच जरा सैल उच्चारतों. जीभ टाळूवर ठाम न टेकतां निसटती लागते. हिंदीनें त्यासाठीं ड खालीं टिंब देऊन निराळें अक्षर केलें आहे. आगरीची जीभ तेथून एक पाऊल पुढें गेली इतकेंच. संस्कृत 'घोटक' या शब्दांतला ट प्राकृतांत सैल होऊन ड झाला आणि आपला 'घोडा' जन्मला. ज्या जिन्यानें 'घोटक' उतरून 'घोडा' झाला, त्याच जिन्याची पुढची पायरी 'घोरा'. आपण मधल्या पायरीवर उभे राहून खालच्याला अशुद्ध म्हणतों, आणि वरच्याकडे मात्र आदरानें मान वर करून पाहतों.

एवढें ऐकल्यावर मला नव्या धर्मांत शिरलेल्या माणसाचा उत्साह आला. मी म्हणालों, "मग 'पानी' म्हणणारा तर आपल्यापेक्षांहि शुद्ध ठरतो! मूळ संस्कृत शब्द 'पानीय'. त्यांत न आहे, ण नाहीं." नातीनें तेंहि मोडून काढलें. ती म्हणाली, "मग आगरींत 'बाण'ला 'बान' कां? 'कोण'ला 'कोन' कां? संस्कृतांत 'बाण' या शब्दांत ण च आहे. आगरीनें जुना न सांभाळला नाहीं. तिनें सगळेच ण सोडून दिले, त्यांत 'पाणी'हि आलें." महाराष्ट्री प्राकृतांत याच्या नेमका उलट प्रकार होता; तेथें न चा सर्रास ण होई, 'नदी'ची 'णई' झाली होती. म्हणजे हा न-ण चा लंबक दोन हजार वर्षें हलतोच आहे. हें शास्त्र मला येथें आवडलें. एका अहंकारांतून बाहेर काढून तें आपल्याला दुसऱ्यांत बसूं देत नाहीं. प्रत्येक वेळीं 'आणखी एक शब्द आणा आणि तपासा' असें म्हणतें.

आणि त्या रात्रीं आणखी एक गोष्ट आठवली. माझी आई जन्मभर 'पानी'च म्हणाली. मीहि लहानपणीं तेंच म्हणत असें. छडीनें तें सुटलें, आणि तीच छडी मीं पुढें चालविली.

येथें एक गैरसमज होऊं नये. शाळेंत प्रमाण मराठी शिकविलीच पाहिजे. परीक्षा, कचेऱ्या, वर्तमानपत्रें यांचा व्यवहार तिच्यांत चालतो आणि ती न येणारा मागें राहतो. माझें म्हणणें एवढेंच आहे, कीं 'झाड' शिकवितांना 'झार' ही चूक आहे असें सांगण्याची गरज नव्हती. 'घरीं झार, पुस्तकांत झाड' एवढ्यानें काम झालें असतें, आणि तो मुलगा बोलत राहिला असता.

बोलींकडे कान देण्याची ही रीति आपल्याकडे नवी नाहीं. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७७ सालीं मुंबई विद्यापीठांत विल्सन व्याख्यानमालेंत संस्कृतापासून देशी भाषांपर्यंतचा प्रवास सांगितला. ग्रिअर्सन यांनीं हिंदुस्थानच्या भाषांची जी पाहणी केली तिच्या सातव्या खंडांत, १९०५ सालीं, मराठीच्या बोलींचे नमुने छापले गेले आणि त्यांत आगरीला जागा मिळाली. त्यांची युक्ति मोठी नामी होती: बायबलांतली उधळ्या मुलाची एकच गोष्ट गांवोगांवच्या बोलींत सांगवून घ्यायची, म्हणजे तुलना करणें सोपें. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें १९२० सालीं मराठी भाषेच्या घडणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ सालीं तो मराठींत आणला. डॉक्टर अमृत माधव घाटगे यांनीं १९६३ पासून मराठीच्या बोलींच्या पाहणीचे खंड काढले. कुडाळची बोली, महाडच्या कुणब्यांची बोली, ठाण्याची वारली अशी एकेक घेऊन. अशोक केळकर यांनीं अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत १९५८ सालीं मराठीच्या ध्वनींवर व रूपांवर प्रबंध लिहिला आणि पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत एका पिढीला शिकविलें. अलीकडे त्याच संस्थेनें राज्य मराठी विकास संस्थेबरोबर महाराष्ट्रभरच्या बोलींचें सर्वेक्षण हातीं घेऊन खेड्यापाड्यांतलें बोलणें ध्वनिमुद्रित केलें आहे. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरांत अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हां आम्हीं पेढे वाटले. तो दर्जा प्राचीन ग्रंथांच्या बळावर मिळतो. पण जिवंत भाषेचा पुरावा आमच्या तळ्याच्या कांठावर बसलेला असतो.

आतां सूनबाईंचा प्रश्न, आणि त्याआधीं शिकायचें कोठें हा प्रश्न. आपल्या भागांत पदवीलाच भाषाशास्त्र मुख्य विषय म्हणून घेण्याची सोय विरळ. बनारस व अलीगढ येथील विद्यापीठांत ती आहे. हैदराबादच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेंत संगणकाबरोबर भाषाशास्त्र शिकवितात, पण तेथें गणित पक्कें लागतें. पुण्यास डेक्कन कॉलेजांत आणि मुंबई विद्यापीठांत भाषाशास्त्राचे विभाग आहेत, ते एम. ए. साठीं. म्हणून आमच्या घरीं तडजोड झाली: नातीनें मुंबईंत मराठी हा मुख्य विषय घेतला, त्यांत भाषाविज्ञानाचा भाग येतोच, पुढें पुण्यास जाण्याचें तिनें ठरविलें आहे. मला हा मार्ग वाईट वाटत नाहीं. एक भाषा नीट वाचलेली असली, म्हणजे तिच्याविषयीं प्रश्न विचारतां येतात.

नोकरीविषयीं मी खोटा धीर देणार नाहीं. ती दारांत उभी नसते. कोशांचें काम असतें, भाषांतराचें असतें, पाठ्यपुस्तकांचें असतें. वाचादोषांवर उपचार करण्याचें क्षेत्र याच्या शेजारचें, पण त्याला निराळी पदवी लागते. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था त्यासाठींच आहे. डेक्कन कॉलेजांत संस्कृतच्या महाकोशाचें काम १९४८ सालीं सुरू झालें, पहिला भाग १९७६ सालीं बाहेर पडला, आणि काम अद्याप चालू आहे. सूनबाईंना मीं मुद्दाम हें उदाहरण सांगितलें. म्हटलें, ही नोकरी निदान संपणारी नाहीं. त्या हंसल्या नाहींत.

नवें क्षेत्र आहे तें यंत्रांचें. बोललेलें ऐकून लिहून घेणारी यंत्रें आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या दूरध्वनींत आलीं आहेत. गांवांतल्या एका आजींच्या नातवानें त्यांच्या हातीं असा दूरध्वनि दिला आणि बोलायला सांगितलें. आजी 'गारी' म्हणाल्या. यंत्राला कळेना. त्या पुन्हां म्हणाल्या, मोठ्यानें म्हणाल्या, मग दूरध्वनि परत देऊन म्हणाल्या, "याला आमचा बोलना समजत नाय." यंत्राला जें ऐकवून शिकवावें तेंच तें ओळखतें. कोणाचें बोलणें ध्वनिमुद्रित करायचें, कसें लिहायचें, त्यांतला नियम कसा सांगायचा, हें ज्याला येतें अशा माणसाशिवाय आजींचें बोलणें त्या यंत्रांत शिरणार नाहीं. मग यंत्रासमोर उभा राहिलेला प्रत्येक आगरी मनुष्य पुन्हां माझ्या वर्गांतच उभा राहिला असें होईल.

तो कैरीचा मुलगा आतां चाळिशी ओलांडून गेला आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारांत त्याच्या मालाच्या गाड्या चालतात. तळ्यावर फिरतांना भेटतो, वांकून नमस्कार करतो आणि माझ्याशीं अगदीं छापील मराठींत बोलतो. एकदां बोलतां बोलतां त्याच्या आईचा दूरध्वनि आला. क्षणांत त्याचा आवाज बदलला, हात हालूं लागले, तो मोठ्यानें हंसला. दूरध्वनि ठेवल्यावर पुन्हां तोच सावध माणूस माझ्यापुढें उभा. मीं धीर करून कैरीची आठवण काढली. तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासमोर 'झाड' म्हणतांना अजून एकदां मनांत म्हणून बघतों."

नातीला पहिल्या वर्षाच्या अभ्यासासाठीं एका बोलीचे शंभर शब्द टिपून आणायचे होते. त्यानें स्वतः होऊन आपल्या आईकडे येण्यास सांगितलें. मींहि बरोबर गेलों. म्हातारीनें मला ओळखलें, पदर सांवरला, आणि नातीनें वाटेल तो प्रश्न विचारला तरी 'झाड', 'घोडा', 'पाणी' अशीं उत्तरें जपून, एकेक अक्षर तोलून देऊं लागली. दहा-बारा शब्द झाल्यावर नातीनें वही मिटली आणि मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसतां का?"

मी ओट्यावर येऊन बसलों. थोडा वेळ आंत शांतता होती. मग भाताच्या दिवसांविषयीं, खाडीविषयीं कांहीं बोलणें सुरू झालें. पहिला 'झार' ऐकूं आला तेव्हां समोरच्या रस्त्यानें एक मालाची गाडी गेली, त्यामुळें तो नीटसा कळला नाहीं. दुसरा स्पष्ट ऐकूं आला.